‘काल तर चांगला होता!’ : तिशी-चाळिशीतला हार्ट अटॅक

पस्तीस-चाळीस वर्षांचा माणूस गेला की त्या घरी भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी दोन वाक्यं हमखास असतात. ‘काल तर चांगला होता’ आणि ‘कसलंच व्यसन नव्हतं हो’. पहिलं बहुतेक वेळा खरं असतं. दुसऱ्याच्या बाबतीत जरा थांबून विचारावं लागतं, कारण आपल्याकडे तंबाखूची पुडी बऱ्याच घरांत व्यसनात धरतच नाहीत.

माझा मावसभाऊ वाचला, म्हणून मला हे मोकळेपणाने लिहिता येतंय. वय ३७, चाकणला शिफ्ट ड्युटी, वजन ६४ किलो. आम्हा भावंडांत सगळ्यात काटक तोच. एका रात्री जेवण झाल्यावर त्याला छातीच्या मधोमध जड वाटायला लागलं. मावशीने ओवा दिला, मग सोडा. ढेकर आला तसं घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. पहाटे त्याला दरदरून घाम फुटला आणि जबडा ठणकायला लागला, तर दाढ धरली असेल असं ठरलं. सकाळी हा पठ्ठ्या स्वतः बाइक चालवत दवाखान्यात गेला आणि पित्ताचं इंजेक्शन घेऊन परत आला. पहिला ईसीजी निघाला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी नळी पूर्ण बंद होती. स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी, टाकला, जीव वाचला. पण धडधाकट माणसाचं ‘पंपिंग’, म्हणजे एका ठोक्यात हृदय आतलं किती रक्त बाहेर टाकतं ते प्रमाण, ५५ टक्क्यांच्या वर असतं, ते त्याचं ३५ वर आलं. मेलेला स्नायू परत उगवत नाही.

त्याच्या बाबतीतही सगळे ‘अचानक’ म्हणाले. त्या शब्दाशीच माझं भांडण आहे.

घट्टा आणि फोड

हृदय दिवसाला साधारण लाखभर वेळा ठोके देतं आणि त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळ्या जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असतात. बॉलपेनची रिफील डोळ्यासमोर आणा, साधारण तेवढ्या. या नळ्यांना आतून एक नाजूक अस्तर असतं. तंबाखू, वाढलेलं बीपी, वाढलेली साखर यांनी ते अस्तर दुखावतं आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, अस्तराखाली शिरून बसतं. त्याला खाऊन टाकायला पांढऱ्या पेशी धावून येतात, खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. असा चरबीचा, मेलेल्या पेशींचा थर वर्षानुवर्षं साचत जातो. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात.

हे कधी सुरू होतं? १९५३ साली अमेरिकन डॉक्टरांनी कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० सैनिकांची हृदयं तपासली. सरासरी वय २२. लष्कराने तपासून घेतलेली, कवायत करणारी पोरं. त्यांच्यातल्या ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या नळ्यांत या विकाराच्या खुणा सापडल्या, कुणाच्या नुसत्या रेघा तर कुणाच्या चक्क अडथळे. म्हणजे चाळिशीतल्या अटॅकची तयारी कॉलेजच्या कॅन्टीनमध्येच सुरू झालेली असते.

आता खरी मेख. आपल्याला वाटतं, नळी ५० टक्के, मग ७० टक्के, मग ९० टक्के अशी बुजत जाते आणि १०० झाली की अटॅक येतो. म्हाताऱ्या माणसात पुष्कळदा असं हळूहळू बुजणं होतंही. जिना चढताना धाप लागते, छातीत आवळतं, माणूस डॉक्टरकडे जातो. शिवाय इतकी वर्षं मिळाल्यामुळे शरीर बाजूने बारीक पर्यायी वाटा काढून ठेवतं. हा जुना प्लाक टाचेवरच्या घट्ट्यासारखा असतो, कठीण आणि चुन्याने भरलेला.

तरुणाचा प्लाक घट्ट्यापेक्षा पिकलेल्या फोडासारखा असतो. वरची साल पातळ, आत मऊ चरबी. त्याने नळी ३०-४० टक्केच अडवलेली असेल, त्यामुळे तो माणूस सिंहगडही चढून येतो आणि त्याला काही जाणवत नाही. मग एक दिवस ती साल फाटते. रक्ताला वाटतं जखम झाली, आणि जखम झाली की रक्ताने गोठायचं हे त्याचं कामच. काही मिनिटांत गुठळी धरते, आणि चाळीस टक्के अडलेली नळी शंभर टक्के बंद होते. पर्यायी वाटा तयार व्हायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून तरुणाच्या आजाराचं पहिलं लक्षण पुष्कळदा थेट अटॅकच असतं.

काही वेळा साल फाटतही नाही, नुसती खरवडली जाते आणि तिथे गुठळी बसते. सिगारेट ओढणाऱ्यांत आणि तरुण बायकांत हा प्रकार जास्त दिसतो.

मावसभावाची कंपनीत वर्षाला तपासणी व्हायची. ईसीजी नॉर्मल, पट्ट्यावर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्टही नॉर्मल. त्यात लॅबची काही चूक नव्हती. आरामात काढलेला ईसीजी त्या क्षणाचा फोटो असतो, आणि स्ट्रेस टेस्टला साधारण ७० टक्क्यांच्या आसपासचा अडथळा कळतो. पातळ सालीचा फोड तिला दिसत नाही. चुना मोजणारा सीटी स्कॅन तिशीत शून्य आला तरी मऊ प्लाक असू शकतो. ‘फुल बॉडी चेकअप’च्या फाइलवर विसंबून तंबाखू चालू ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

बारीक माणसाची चरबी

आपल्याकडे अटॅक लवकर येतो, ही नुसती हवा नाही. ‘इंटरहार्ट’ नावाचा ५२ देशांतला मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आकडेवारीत दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, बाकीच्या जगात जवळपास ५९ व्या. सहा वर्षांचा फरक. आणि कारणं? तीच नऊ: तंबाखू, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं प्रमाण, बीपी, मधुमेह, सुटलेलं पोट, मानसिक ताण, फळं-भाज्यांचा तुटवडा, व्यायामाचा अभाव, आणि दारूचा हिशेब. एवढ्या नऊ गोष्टींत पुरुषांच्या धोक्याचा ९० टक्के भाग येतो, बायकांच्या धोक्याचा ९४ टक्के. आपल्याकडे वेगळं काही घडत नाही, तेच सगळं कमी वयात घडतं.

का, याचं एक उत्तर पुण्यातच सापडलं. केईएम हॉस्पिटलचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभे असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आडनावं दोघांचीही इंग्रजी ‘वाय’ने सुरू होतात, म्हणून याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येही याज्ञिकांच्या गटाला हेच दिसलं होतं. इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजन जवळजवळ ८०० ग्रॅमने कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. कमी पडलेलं असतं ते मांस.

म्हणून ‘काटक आहे, त्याला काय होतंय’ हे वाक्य आपल्याकडे धोक्याचं आहे. काट्यावरच्या वजनापेक्षा पोटाचा घेर महत्त्वाचा: पुरुषाला ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि बाईला ८० सेंटिमीटर, साडेएकतीस इंच, याच्या आत हवा. पँटच्या नंबरावर जाऊ नका. पोट सुटलं की पुरुष पँट पोटाखाली बांधायला लागतात आणि ३२ नंबर वर्षानुवर्षं तसाच राहतो. शिंप्याची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडा आणि पोट आत न ओढता मोजा. मावसभावाचं माप ३७ इंच निघालं. शर्ट बाहेर सोडला की काही दिसायचं नाही.

पोटातल्या या चरबीसोबत रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी राहतं, आणि साखर हळूच वर सरकते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. साखर दुखत नाही, बीपीही दुखत नाही. हे दोन्ही वर्षानुवर्षं मुकाट्याने अस्तर खरवडत बसतात.

पुडी

मावसभाऊ सिगारेट ओढत नव्हता. फॉर्मवर ‘धूम्रपान: नाही’ असंच लिहायचा आणि ते खरंच होतं. पण दिवसातून सहा-सात वेळा तळहातावर तंबाखू घ्यायची, चुना लावायचा, अंगठ्याने मळायची, दोन टाळ्या देऊन भुकटी उडवायची आणि खालच्या ओठाआड बार ठेवायचा. नाइट शिफ्टला झोप येत नाही म्हणून. मावा खाणारा म्हणतो मी तंबाखू खात नाही, मिश्री लावणारी आजी म्हणते मी दात घासते.

इंटरहार्टमध्ये नुसती खाण्याची तंबाखू वापरणाऱ्यांत अटॅकचा धोका दुपटीहून जास्त आढळला. ओढणाऱ्यांत साधारण तिप्पट, आणि तरुण ओढणाऱ्यांत त्याहूनही जास्त. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर ती किती दिसते ते तुम्हीच बघा. त्यातल्या त्यात बरी गोष्ट अशी की सिगारेट सोडली की पहिल्या तीन वर्षांतच हा धोका बराच खाली येतो. बाकी कुठल्याही सवयीत इतका रोख परतावा मिळत नाही.

टेन्शनबद्दल एक बोलतो. अटॅक आलेल्या तरुणाच्या घरी ‘त्याला फार टेन्शन होतं’ हे सगळ्यांना पटतं. ताण हा त्या नऊ कारणांपैकी एक आहेच, नाकारत नाही. पण आपल्याला टेन्शन हे कारण आवडतं, कारण त्याचा दोष बॉसवर किंवा ईएमआयवर टाकता येतो. पुडी आपल्याच खिशात असते.

‘झोपेत गेले, पुण्यवान माणूस’

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला हार्टचा त्रास? मावशी म्हणाली, छे, कुणालाच नाही. भावाचे वडील ५१ व्या वर्षी गेले होते. रात्री जेवून झोपले, सकाळी उठलेच नाहीत. आमच्या घरात हे कायम ‘पुण्यवान मरण’ म्हणून सांगितलं गेलं. ते हृदयविकारात मोजायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर त्याला डॉक्टर ‘अनुवंश’ धरतात. असे दोन वारसे तपासता येतात. एक म्हणजे जन्मतःच एलडीएल जास्त असणं. साधारण अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला हे असतं, आणि रिपोर्टवर एलडीएल १९० च्या वर दिसलं की संशय घ्यायचा. अशा माणसाने कितीही तेल-तूप सोडलं तरी आकडा पुरेसा उतरत नाही, गोळी लागतेच. दुसरा वारसा म्हणजे लायपोप्रोटीन-ए. हा एलडीएलचाच एक चिकट भाऊबंद. लिपिड प्रोफाइल या कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या तपासणीत तो नसतो, वेगळा सांगून करावा लागतो. याची पातळी जन्मतः ठरते, आहार-व्यायामाने फारशी हलत नाही, त्यामुळे आयुष्यात एकदा तपासला तरी बहुतेकांना पुरतो. ५० मिलिग्रॅमच्या वर असला तर धोका, आणि आपल्याकडे साधारण चौघांत एकाचा तसा असतो. तो जास्त निघाला तर बाकीचे आकडे जास्त कडकपणे आवळायचे, हा त्याचा उपयोग.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिली लिपिड तपासणी १८ व्या वर्षी करा असं सांगितलंय. घरात कुणी लवकर गेलं असेल तर त्याहीआधी. उपाशीपोटी जायची सक्तीही आता बहुतेकांना नाही.

बायकांचं वेगळं आहे आणि ते नेहमी मागे पडतं. गरोदरपणात बीपी वाढून प्रीएक्लॅम्पसिया झाला असेल तर पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो. गरोदरपणातली साखर, पीसीओडी, लवकर गेलेली पाळी यांचीही नोंद हवी. बाळंत झाल्यावर ती फाइल माळ्यावर जाते, ती फेकू नका. आणि एक प्रकार असा आहे की प्लाकचा काही संबंधच नसतो. नळीच्या भिंतीचा आतला पदर सुटतो आणि रस्ता अडतो. हे होणाऱ्यांत बहुतेक बायका असतात, काहींना तर बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत होतं. तेव्हा ओल्या बाळंतिणीच्या छातीत कळ आली तर ‘वारा बसला’ म्हणून शेक देत बसू नये.

मैदानात कोसळणं आणि लशीचा प्रश्न

१२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन भर सामन्यात कोसळला. वय २९. सगळीकडे ‘हार्ट अटॅक’ म्हणून फिरलं. तो कार्डियाक अरेस्ट होता. अटॅक म्हणजे नळी तुंबणं, अरेस्ट म्हणजे हृदयाची वीज बिघडून ठोकेच थांबणं. अटॅकमुळे अरेस्ट येऊ शकतो, पण पस्तिशीच्या आतल्या खेळाडूंत पुष्कळदा मागे जन्मजात जाड स्नायू किंवा विजेचा दोष असतो. एरिक्सनला जागेवर छाती दाबून आणि शॉक देऊन परत आणलं, आणि तो पुन्हा मैदानात उतरला.

कोविडच्या लशीमुळे तरुण जातात का, हे विचारल्याशिवाय हा विषय कुठल्याच कट्ट्यावर संपत नाही. आयसीएमआरने ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या, कारण न कळता अचानक गेलेल्या ७२९ जणांची तुलना त्यांच्याच परिसरातल्या जिवंत लोकांशी केली. २०२३ मध्ये निष्कर्ष आला: लशीने धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमी होता. कोविडसाठी ॲडमिट व्हावं लागणं, घरात आधी कुणाचा असा मृत्यू, शेवटच्या ४८ तासांत भरमसाट दारू, नशा किंवा फार जोराचा व्यायाम, यांचा मात्र संबंध दिसला. वर्षभर खुर्चीत बसून एका रविवारी टेनिस बॉल टूर्नामेंट खेळणाऱ्यांनी शेवटचं पुन्हा वाचावं. जिममध्ये ‘बॉडी लवकर बनते’ म्हणून मिळणारी स्टेरॉइडची इंजेक्शनं तर कोलेस्टेरॉलचा पार चुथडा करतात.

रात्री एक वाजता काय करायचं

जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही दाब, जळजळ, आवळल्यासारखं वाटतंय, सोबत घाम, मळमळ किंवा दम लागतोय आणि दहा-पंधरा मिनिटांत थांबत नाही, तर ते पित्त आहे की नाही हे ठरवायचं काम ओव्याचं नाही, ईसीजीचं आहे. ढेकर आल्याने काही सिद्ध होत नाही. नळी बंद झाल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरायला लागतो, आणि सहा तासांत त्या भागातला बराचसा मरून जातो.

स्वतः गाडी चालवायची नाही, जिने उतरून धावपळ करायची नाही. १०८ ला फोन करायचा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायची, पाण्याबरोबर गिळायची नाही. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी शेजाऱ्याकडून आणून देऊ नका. बीपी आधीच पडलेलं असेल किंवा लैंगिक ताकदीची गोळी घेतलेली असेल तर ती जिवावर बेतते. जोरजोरात खोकून अटॅक थांबतो हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज साफ खोटा आहे. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास नीट नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५-६ सेंटिमीटर खोल दाबत राहायचं, मदत येईपर्यंत.

जायचं कुठे? शहरात असाल तर जिथे रात्रीही अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद नळी आतून फुग्याने उघडायचं काम, होते तिथे थेट. तालुक्याच्या गावी असाल आणि असं हॉस्पिटल दोन तासांत गाठता येणार नसेल तर जवळ गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळेल तिथे आधी ते घ्यायचं, मग पुढे. ‘मोठ्या शहरातच नेऊ’ म्हणून चार तास गाडीत घालवू नका. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला, दुखणं मात्र चालूच आहे, तर घरी परतायचं नाही. अर्ध्या तासाने दुसरा काढा म्हणायचं, रक्तातली ट्रोपोनिनची (हृदयाचा स्नायू दुखावला की वाढणाऱ्या प्रथिनाची) तपासणी करा म्हणायचं. तरुण माणूस दिसला की डॉक्टरांनाही पित्तच आधी सुचतं, म्हणून हे आपणच विचारावं लागतं.

जगातली पहिली अँजिओप्लास्टी आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिचमध्ये केली, तो पेशंट ३८ वर्षांचा होता. तेव्हा तरुणांचा हा आजार काल-परवा आलेला नाही. आणि स्टेंट म्हणजे एका जागेची डागडुजी. बाकीच्या नळ्या त्याच माणसाच्या असतात. दोन महिन्यांत ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या बंद करणारे तरुणच जास्त, आणि तो स्टेंट पुन्हा बंद होऊन परत येणारेही त्यांच्यातलेच.

मावसभाऊ आता दिवसपाळीला आहे. त्याच्या पाठचा भाऊ ३३ वर्षांचा, तोही तसाच काटक. मागच्या महिन्यात मी त्याला लॅबमध्ये घेऊन गेलो. एलडीएल १५२, लायपोप्रोटीन-ए ९० च्या पुढे. डॉक्टरांकडे गेल्यावर रिसेप्शनवरच्या मुलीने फॉर्म दिला. ‘कुटुंबात हृदयविकार’ या ओळीवर त्याने आधी सवयीने ‘नाही’ लिहिलं, मग माझ्याकडे बघितलं, खोडलं, आणि लिहिलं: वडील, वय ५१. भाऊ, वय ३७.